पालथं, कुशीवर, उताणं: एनआयसीयूतले आमचे चाळीस दिवस

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीचा रात्री साडेदहाला फोन आला. एकतीस आठवड्यांवर बाळंत झालेली, बाळ काचेत, नाकात नळ्या. रडत रडत ती एकच विचारत होती, "ताई, त्यांनी बाळाला पालथं घातलंय गं. गुदमरणार नाही का ते?" तासभर बोललो आम्ही. २०२४ च्या जुलैत मीही अगदी हेच विचारत होते, आणि उत्तर द्यायला मला एक शहाणी सिस्टर भेटली होती. तिने शिकवलेलं आणि मी पाहिलेलं तारखांसकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

१२ जुलै २०२४, शुक्रवार. तिसावा आठवडा चालू होता. पाय सुजलेत म्हणून सहज दाखवायला गेले तर बीपी १७०/११०. आमच्या जवळच्या छोट्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंनी मला तिथे ठेवून घेतलंच नाही. म्हणाल्या, "बाळ लवकर येणार असं दिसतंय. बाहेर आल्यावर त्याला गाडीतून पळवत नेण्यापेक्षा तुमच्या पोटात असतानाच मोठ्या ठिकाणी जा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या नवऱ्याने तिथूनच शहरातल्या तीन हॉस्पिटलांना फोन लावले. प्रश्न तीनच: एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जागा आहे का, श्वासाला आधार देणारं सीपॅपचं मशीन मोकळं आहे का, आणि महात्मा फुले योजनेत बसतं का. तुमच्यावर वेळ आली तर हेच तीन विचारा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत असतात, तेही आधी विचारून ठेवा. गाडीसाठी १०८ आहेच.

त्या संध्याकाळपासून मला दर बारा तासांनी एक अशी स्टिरॉइडची चार इंजेक्शनं दिली. ती माझ्यासाठी नव्हती, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून होती. चौथं रविवारी सकाळी झालं. सोमवारी बीपी आटोक्यात येईना, तेव्हा दुपारी चारला सिझर केलं. ३० आठवडे पुरे, मुलगी, वजन १ किलो २८० ग्रॅम. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज ऐकला आणि तिला वर घेऊन गेले. मला दिसली ती फक्त एका सिस्टरची घाईत निघालेली पाठ.

रात्री नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. डोक्यावर टोपी, टोपीला दोन्ही बाजूंनी बांधलेल्या नळ्या, नाकात दोन छोट्या तोट्या. तोंड जवळजवळ दिसतच नव्हतं. डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं ते त्याने मला सांगितलं. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक निसरडा थर लागतो, तो वेळेआधी आलेल्या बाळात पुरेसा नसतो. मग श्वास सोडला की फुगे मिटतात, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे. त्या थराचं औषध, सर्फॅक्टंट, बारीक नळीने श्वासनलिकेत दिलं आणि तिला बबल सीपॅपवर ठेवलं. सीपॅप बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. श्वास बाळच घेतं, मशीन फक्त हवेचा दाब धरून ठेवतं, म्हणजे फुगे पुरते मिटत नाहीत. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं, आणि जितके सेंटीमीटर बुडालेलं तितका दाब. आमचं टोक ६ सेंटीमीटरवर होतं. ती बाटली सतत गुडगुडते. पुढचे कितीतरी दिवस ती गुडगुड बंद पडली की माझ्या पोटात गोळा यायचा.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं १६ तारखेला सकाळी अकराला, व्हीलचेअरवरून. टॅगवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर, ती उताणी होती. डोकं सरळ छताकडे, डोक्याकडची बाजू जराशी उचललेली, दोन्ही कुशींना कापडाच्या वळकट्या. माझ्या मनात आलं, हिला असं जखडून का ठेवलंय? मी सिस्टरना म्हटलं, "जरा कुशीवर तरी घ्या हो तिला."

"७२ तास नाही घेणार, आई," सिस्टर म्हणाल्या. (तिथे सगळ्या आयांना 'आई'च म्हणतात. मला आई म्हणणारी पहिली व्यक्ती ती.) "नाक आणि बेंबी एका रेषेत. हिच्या डोक्यातल्या शिरा लई नाजूक आहेत. मान वळली की मानेतली रक्ताची वाट दबते, डोक्यात दाब वाढतो. पहिले तीन दिवस रक्तस्रावाची भीती जास्त, म्हणून हात कमीत कमी आणि मान सरळ."

बाळाला कसं झोपवलंय हासुद्धा उपचारच असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर वाटायचं, औषध आणि मशीन म्हणजे उपचार, आणि झोपवणं म्हणजे नुसतं झोपवणं.

इकडे हे चालू असताना खाली नवरा कागदांच्या मागे होता. आमचं रेशनकार्ड केशरी, पण माझं नाव अजून माहेरच्या कार्डावर आणि आधारवर माहेरचं आडनाव. लग्नाला तीन वर्षं झाली, करू करू म्हणून राहिलं होतं. योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्र भला माणूस निघाला. त्याने सांगितलं, बाळाचं प्रकरण वडिलांच्या कार्डावर घालू. वडिलांचं रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलचा जन्माचा दाखला आणि वडील व बाळ एकत्र असलेला फोटो. त्या फोटोसाठी नवरा गाऊन घालून, मास्क हनुवटीखाली ओढून वॉर्मरशेजारी दहा सेकंद उभा राहिला. बापलेकीचा पहिला फोटो तोच. मंजुरी यायला दोन दिवस गेले, तोवर १५,००० अनामत भरावी लागली. तिच्यातले मंजुरीआधीच्या तपासण्यांचे ४,२०० वजा करून बाकीचे डिस्चार्जला मिळाले. प्रत्येक पावती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ रेशनकार्ड कुणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या. ज्यांना दिवस गेलेत त्यांनी रेशनकार्डातलं नाव आजच बघून घ्यावं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते. ती हॉस्पिटलकडून महापालिकेत जाते, पण गेली का हे विचारावं. नाव ठरलं नसेल तर अडत नाही, ते मागाहून घालता येतं.

१८ तारखेला संध्याकाळी ७२ तास उलटले आणि तिला पालथं घातलं. मी समोर होते. एका सिस्टरने नळ्या धरल्या, दुसरीने एक तळवा डोक्याला आणि एक बुडाला लावून तिला मुठीत धरल्यासारखं गोळा केलं, आणि उचलून न आपटता, गादीवरच अलगद आधी कुशीवर आणि मग पोटावर वळवलं. छाती-पोटाखाली लांबट, बोटभर जाडीची कापडाची पट्टी. हात कोपरात दुमडून तोंडाजवळ. पाय बेडकासारखे पोटाखाली. मान एका बाजूला, आणि नळ्यांचा भार नाकावर येणार नाही अशा बांधलेल्या. भोवती यू आकाराची वळकटी, तिला ते नेस्ट म्हणतात. पोटात असताना बाळ जसं आखडून, गर्भाशयाच्या भिंतीला पाय लावून असतं, तसं.

मी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होते. सिस्टर म्हणाल्या, "आता छातीकडं बघा की." मी बघितलं. उताणी असताना प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या आणि पोट वर यायचं. एक आत, एक बाहेर. आता पाठ एकसारखी वरखाली होत होती. "हिच्या बरगड्या म्हणजे ओल्या भुईमुगाच्या शेंगेचं टरफल. दाबलं की दबतं. पोटावर असली की गादीच तिच्या छातीला आधार देते. छाती आणि पोट मिळून चालतात, पाठीकडची फुप्फुसं मोकळी होतात." तासाभरात ऑक्सिजन ३५ टक्क्यांवरून ३० वर आणला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ मध्ये ठेवायचं असतं. त्याहून वर गेलं की मला आनंद व्हायचा आणि सिस्टर ऑक्सिजन कमी करायच्या, कारण जास्तीचा ऑक्सिजन या बाळांच्या डोळ्यांना बाधतो.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी डॉक्टरांना विचारलं, मग कायम पालथंच का नाही ठेवत? ते म्हणाले, हा जादूचा उपाय नाही, ऑक्सिजनमधला फरक थोडाच असतो आणि तो टिकेलच असंही नाही. पण काठावरच्या बाळाला थोडंही पुष्कळ असतं. आणि एकाच बाजूवर सतत ठेवलं तर डोकं चपटं होतं, कातडी दुखावते, पायांना वाकडी सवय लागते. म्हणून दर तीन तासांनी पालथं, डावी कूस, उताणं, उजवी कूस असं आलटून पालटून. दूध दिल्यावर बहुधा डाव्या कुशीवर ठेवायचे, त्याने दूध उलटून वर येणं कमी होतं. पाठीमागे वळकटी, पुढे मिठी मारल्यासारखी दुसरी, दोन्ही हात मध्यभागी.

१९ जुलै हा पाचवा दिवस. घरी सासूबाईंनी पाचवी पुजली. बाळ नाही, बाळंतीण नाही, तरी पाटा मांडला, दिवा लावला, सटवाईसाठी कोरा कागद ठेवला. सिस्टरनी नेस्टसाठी मऊ जुनं सुती कापड मागितलं होतं, म्हणून सासूबाईंनी आजेसासूबाईंचं जुनं लुगडं काढून तेच पाटाशेजारी ठेवलं. फोनवर म्हणाल्या, "पोरगी न्हाई तर पोरीचं लुगडं तरी पुजलं." २० तारखेला ते नवऱ्याबरोबर आलं, कुंकवाच्या बोटांसकट. हॉस्पिटलने धुऊन, वाफेवर निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) करून घेतलं आणि मग त्याच्या पट्ट्या वापरल्या. कुठलंही घरचं कापड थेट बाळाखाली घालत नाहीत, आधी विचारा.

त्याच दिवशी मला सुट्टी मिळाली आणि मी कोल्हापुरातच राजारामपुरीत मावशीकडे राहायला गेले. टाक्यांनी चालवत नव्हतं, पण तीन-तीन तासांनी दूध काढून पोचवायचं होतं. पंप १,८०० रुपयांचा घेतला. सुरुवातीला दर फीडला १ मिली दूध नळीने द्यायचे. एक मिली! आणि त्यासाठी मी रात्री दोनला उठून बसायचे.

दुपारी तीनला पहिलं कांगारू. नाकात सीपॅप असताना तिला माझ्या छातीवर देणार, यावर माझा विश्वास बसेना. मागे रेललेली खुर्ची, पुढून उघडणारा गाऊन. दोघींनी मिळून तिला आणलं आणि माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली. मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, हात वर, पाय फाकून बेडकासारखे, वरून कापडाने बांधलं. म्हणजे पालथीच, फक्त गादीच्या जागी मी. नळ्या माझ्या खांद्याला टेपने चिकटवल्या. पाच मिनिटांत तिचे ठोके १७० वरून १५० वर आले. माझे नक्की वाढले असतील. पुढे वाचलं, ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून सुरू झाली, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास करायला सांगते. आम्ही दोन तासांपासून सुरुवात करून नऊ तासांपर्यंत गेलो. संध्याकाळची पाळी नवऱ्याची. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून सुटला की मावशीकडे आंघोळ, धुतलेला शर्ट, मग आत. अत्तर, पावडर, तंबाखूचा वास काहीही नको. एका जागी दोन तास बसायचं म्हणून आधी लघवीला जाऊन या. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण मी पहिल्या दिवशी विसरले आणि रडकुंडीला आले होते.

२१ तारखेच्या रात्रीचं अजून विसरत नाही. फीडनंतर ती उताणी होती. खांद्याखालची वळकटी सरकली आणि मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली. मी समोर असून मला काही दिसलं नाही. दिसला तो मॉनिटर: ९१, ८६, ७९, ७४. अलार्म वाजू लागला. सिस्टर आल्या, ऑक्सिजनच्या बटणाला हातही लावला नाही. आधी बाळाकडे पाहिलं, हनुवटी हलकेच उचलली, वळकटी खांद्याखाली नीट केली. दहा सेकंदांत ९४. "आई, आकडा मागनं बघायचा. पहिलं मान," त्या म्हणाल्या. इतक्या लहान बाळाची श्वासनलिका मऊ असते. मान पुढे वाकली की घडी पडते, फार मागे ताणली तरी दबते. फुलाचा वास घेताना आपलं तोंड जसं जरा पुढे-वर होतं, तेवढंच हवं.

त्यानंतर मी आत गेले की ठरलेल्या क्रमाने बघायचे. मान. मग नाक: तोटी आणि नाकाच्या मधल्या पडद्यात बारीक फट आहे ना, पडदा लाल झालाय का. एकदा लाल झाला होता, मी दाखवला, त्यांनी संरक्षक पट्टी लावली आणि तोटीचं माप बदललं. मग पोट: सीपॅपची हवा पोटातही जाते, ते फुगतं आणि फुप्फुसांना खालून दाबतं, म्हणून तोंडातली नळी फीड नसताना उघडी ठेवतात. मग नळीत साचलेलं पाणी. आणि शेवटी हातपाय मध्यभागी आहेत की उघडे पडलेत. हे मी स्वतः कधी दुरुस्त केलं नाही, सांगितलं. सिस्टरना राग येईल असं वाटायचं, आला नाही. एका सिस्टरकडे चार-पाच बाळं असतात.

थोपटू नका, चोळू नका, हेही तिथेच शिकले. आपला हात आपोआप कुरवाळायला जातो आणि अशा बाळाला ते सहन होत नाही, सॅच्युरेशन खाली येतं. गरम तळवा डोक्यावर, दुसरा पायांवर, आणि न हलवता नुसता ठेवायचा. ती शांत झाली की आधी एक हात काढायचा, थोड्या वेळाने दुसरा. डायपर, तपासणी, कूस बदलणं, फीड सगळं एकाच वेळी उरकतात आणि मग तीन तास तिला झोपू देतात. त्या तीन तासांत बघायला आलेल्या नातेवाइकांसाठी तिला उठवायचं नाही. माझ्या आत्याला याचा राग आला, तिला मी नंतर समजावलं.

२३ जुलैला सीपॅप काढला. आम्ही पेढे सांगितले. २४ च्या पहाटे ती तीनदा श्वास विसरली आणि पुन्हा सीपॅप लावला. 'विसरली' हा तिथला शब्द. मेंदू अजून कच्चा असतो, वीस सेकंद श्वास थांबतो, ठोके मंदावतात. त्यासाठी तिला रोज कॅफिनचं औषध चालू होतं. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त खचले. डॉक्टरांनी सांगितलं, अशी बाळं एकदा-दोनदा परत जातात, त्यात तिचा पराभव नाही की आमचा दोष नाही.

बाहेर पावसाने कहर केला होता. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, आमच्या गावाकडचा रस्ता पाण्याखाली गेला. सासूबाई तिकडे अडकल्या. एका सिस्टरना घरून येता येईना म्हणून रात्रपाळीच्या सिस्टर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबल्या. त्या दुपारी त्यांनी जेवणाआधी माझ्या लेकीची कूस बदलली, वेळ वहीत लिहिली आणि मग डबा उघडला. मी ते पाहिलंय.

३० जुलैला सीपॅप निघाला तो कायमचा. गुडगुड थांबली. खोली एकदम रिकामी वाटली.

ऑगस्ट मला भराभर गेल्यासारखा आठवतो. चमच्याने दूध, मग अंगावर. १२ तारखेला चार आठवडे पुरे होताच डोळ्यांची तपासणी झाली. वेळेआधीच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, आणि बाहेरून काही कळत नाही. ती तपासणी कुणी विसरलं तर तुम्ही आठवण करा. ३४ आठवडे झाले म्हणून त्याच दिवशी कॅफिन बंद केलं. आता सात दिवस एकही श्वास विसरायचा नाही, मग घर. १६ ला रात्री एकदा विसरली. मोजणी पुन्हा एकपासून. राखी तिथेच झाली, भावाने बाहेरच्या बाकावर ओवाळून घेतलं.

याच दिवसांत सिस्टरनी एक गोष्ट केली जी मला आधी दुष्टपणाची वाटली. नेस्ट काढलं. वळकट्या काढल्या. वॉर्मरची उचललेली बाजू सपाट केली. आणि तिला उताणंच झोपवू लागल्या, दर वेळी, रात्रंदिवस. ती दोन दिवस कुरकुरली. मी म्हटलं, तिला पालथीच आवडते. त्या म्हणाल्या, "इथं तिच्या पायाला तार होती, वर मॉनिटर होता, बाजूला मी होते. तुमच्या घरात यातलं काय आहे? पालथं हे मॉनिटरखालचं झोपणं. घरी झोपेल तेव्हा उताणी, कडक सपाट गादीवर, आणि ती सवय इथूनच घेऊन जायची."

पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतच अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो, आणि वेळेआधी जन्मलेल्यांत तो आणखी. हे मला कुणीतरी पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं होतं असं वाटतं, कारण महिनाभर पालथं पाहून माझ्या डोक्यात तेच 'बरोबर' म्हणून बसलं होतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार, सुट्टी. चाळिसावा दिवस, म्हणजे माझा सव्वा महिना तिथेच सरला. वजन १ किलो ७९० ग्रॅम. ऐकू येण्याची तपासणी आदल्या दिवशी झाली. श्वास थांबला तर तळपाय चोळायचा, तरी घेतला नाही तर तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे बाहुलीवर दोघांकडून करून घेतलं. योजनेमुळे खाट, सीपॅप, औषधं यांचे पैसे पडले नाहीत. बाकी रिक्षा, जेवण, पंप, अनामतीतून कापलेले, डोळ्यांच्या पुढच्या तपासण्या मिळून ४१,००० च्या आसपास गेले. पुन्हा सांगते, पावत्या ठेवा.

घरी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि आत पाऊल टाकताच पहिला वाद झाला. आत्याने मोहरीची उशी शिवून ठेवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. छताला झोळी बांधलेली. शेगडी धुरीसाठी पेटवायच्या तयारीत. सगळं मायेने केलेलं, कुणाला कसं दुखवायचं? मी झोळीत तिला दोन मिनिटं ठेवून सासूबाईंना बोलावलं आणि तिची मान दाखवली. हनुवटी छातीला टेकलेली. २१ तारखेच्या रात्रीचं सांगितलं, ९१, ८६, ७९, ७४. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी झोळी सोडलेली दिसली. धुरी बंद झाली, उशी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेली. डोकं गोल राहावं म्हणून ती जागी असताना, आमच्यापैकी कुणीतरी समोर बसून, दिवसातून तीन-चार वेळा थोडा वेळ पालथी ठेवत होतो, आणि झोपताना उताणीच पण तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

पालथ्याबद्दल मात्र सासूबाईंचं समाधान होईना. "तिथं पालथी झोपत हुती न्हवं? मग हितं का नगं?" आठवडाभर रोज. शेवटी पहिल्या फेरतपासणीला मी त्यांनाच बरोबर नेलं आणि त्याच सिस्टरसमोर उभं केलं. सिस्टर काय बोलल्या मला माहीत नाही, मी आत वजन करत होते. परत येताना सासूबाईंनीच तिला मांडीवर असं धरलं होतं की हनुवटी मोकळी. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "खड्ड्यातनं दमानं घे बाबा, पोरीची मान हाय."

पहिल्या रात्री मी झोपले नाही. घरात गुडगुड नव्हती, अलार्म नव्हता. तिच्या छातीवर नजर लावून बसले आणि श्वास मोजत राहिले. अशा बाळांचा श्वास पाच-सात सेकंद थांबून पुन्हा जोरात चालू होतो, ते चालतं, हे माहीत असूनही प्रत्येक वेळी माझा हात पुढे जायचा. नवऱ्याशी ठरवून रात्रीचे दोन भाग केले तेव्हा कुठे चौथ्या दिवशी सलग तीन तास झोप लागली.

२०२५ च्या मार्चमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, जन्मतारखेने आठवा महिना आणि डॉक्टरांच्या हिशेबाने सहावा चालू असताना, रात्री एकला जाग आली तर ती स्वतःहून पालथी होऊन झोपलेली. गुडघे पोटाखाली, बूड वर, हात तोंडाजवळ, मान एका बाजूला. हुबेहूब तेव्हाची. मी तिला उताणं केलं. तासाभराने पुन्हा पालथी. पुन्हा उताणं केलं. सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, दोन्ही बाजूंनी वळता येतं का? उताण्याची पालथी आणि पालथ्याची उताणी? गादी सपाट आहे, आजूबाजूला उशी-चादर काही नाही? म्हटलं, हो. "मग झोपवताना उताणीच झोपवा. पुढं ती वळली तर राहू दे."

त्या रात्री ती वळली तेव्हा मी जागीच होते. तळवा तिच्या पाठीवर ठेवला, हलवला नाही. पाठ एकसारखी वरखाली होत होती. थोड्या वेळाने हात काढून घेतला.